बुडबुड्याआधीचा इतिहास : बातम्या ताडून पाहण्याची परंपरा

गूगलने डिसेंबर २००९ मध्ये लॉग-इन न केलेल्या वापरकर्त्यांनाही ज्याच्या त्याच्या आवडीनुसार शोधनिकाल दाखवायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये अमेरिकी लेखक एली पॅरिसर यांनी या प्रकाराला 'फिल्टर बबल', म्हणजे आवडीनुसार गाळलेल्या माहितीचा बुडबुडा, हे नाव रूढ केले. नाव नवे असले तरी आपल्याच बाजूची बातमी वाचण्याची सवय बरीच जुनी आहे. अमेरिकेत १७९० च्या दशकात 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स' हे वृत्तपत्र अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या गटाचे, तर 'नॅशनल गॅझेट' परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्या गटाचे होते. जेफरसन यांनी तर त्याचे संपादक फ्रेनो यांना आपल्याच परराष्ट्र खात्यात अनुवादकाची नोकरी दिली होती. मात्र हा पक्षपात उघड असल्यामुळे आपण कोणाचे पत्र वाचतो आहोत, हे वाचकाला ठाऊक असे.

तटस्थतेचा दावा पुढे प्रतिष्ठित झाला आणि तो तपासण्याची गरजही त्यातूनच उभी राहिली. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकी पत्रकारांनी १९२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील रशियन क्रांतीचे तीन वर्षांचे वार्तांकन तपासले, तेव्हा बोल्शेविक सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या पत्राने नव्वदहून अधिक वेळा छापल्याचे दिसले. त्यांनी एका पत्राची दुसऱ्याशी तुलना केली नव्हती. छापलेला मजकूर नंतर निर्विवाद ठरलेल्या घटनांशी ताडला होता. माझ्या मते ही कसोटी आजच्या बहुतेक साधनांपेक्षा कठोर होती.

नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या बाबतीत निरनिराळ्या बाजू समोर आणण्याचे काम काही काळ नियमाने केले. प्रसारणाच्या लहरी मर्यादित असल्याने वादग्रस्त विषयांवर भिन्न मतांना वाव द्यावा, असे बंधन अमेरिकेच्या प्रसारण नियामकाने १९४९ मध्ये घातले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते उचलून धरले आणि १९८७ मध्ये नियामकानेच ते रद्द केले. आजच्या दुफळीचे सारे खापर या निर्णयावर फोडले जाते, पण हा नियम वृत्तपत्रांना लागू नव्हता आणि त्याचा आधार असलेला लहरींच्या टंचाईचा मुद्दा, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही उजव्या कलाची वृत्तवाहिनी ज्या केबलवरून सुरू झाली, त्या केबलला तितकासा लागूही पडत नव्हता.

तुलनेचे यांत्रिक साधन ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आकाराला आले. एकाच घटनेची निरनिराळी वृत्ते शोधताना होणारी दमछाक पाहून गूगलमधील अभियंते कृष्णा भरत यांनी ती आपोआप एकत्र करणारी प्रणाली रचली आणि २००२ मध्ये गूगल न्यूज सुरू झाले. त्यात गट घटनेनुसार पडत, पक्षानुसार नव्हे. २०१२ मध्ये आलेल्या ऑलसाइड्स या बातम्यांची तुलना मांडणाऱ्या संकेतस्थळाने डावे, मध्य आणि उजवे असे रकाने आखले. हे रकाने माध्यमाचा कल सांगतात, अचूकता नव्हे, असे ती संस्था स्वतःच स्पष्ट करते. तरीही 'मध्य' म्हणजेच सत्य, असा समज वाचकांत सहज होतो.

विरुद्ध बाजू वाचल्याने मत मवाळ होते का, हेही तपासले गेले आहे. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना महिनाभर ट्विटरवर विरुद्ध बाजूचे संदेश दाखवले गेले, तेव्हा रिपब्लिकन सहभागी आपल्या मतांत आणखी कट्टर झाले. अर्थात त्या संदेशांत राजकारणी आणि मतप्रवर्तकांची विधाने माध्यमांच्या मजकुरात मिसळलेली होती. एकाच घटनेची दोन वृत्ते शेजारी ठेवून वाचण्याची परीक्षा त्यात झाली नव्हती.