पार्श्वभूमी : व्हिनेगरचा बोळा आणि न तपासलेल्या ७६ हजार बायका

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत कॅन्सर तपासणी शिबिरांचे फलक लागतात. मंडळाच्या कार्यालयात टेबल मांडले जाते, तोंडात टॉर्च मारून गाल आणि जीभ पाहिली जाते, बायकांना पडद्याआड बोलावले जाते आणि जाताना हातात तंबाखूविरोधी पत्रक पडते. पडद्याआड गर्भाशयमुखाची जी तपासणी होते, तिच्या उपयोगाचा सर्वांत ठोस पुरावा याच शहरातल्या झोपडपट्ट्यांतून आला. तो ज्या रीतीने मिळवला गेला त्यावरून बरेच रण माजले होते. फलकावर त्याला जागा नसते, म्हणून हे टिपण.

जुना काळ थोडक्यात. परळला कॅन्सरचे स्वतंत्र रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे, हे आजही अनेकांना खरे वाटत नाही. १९६० च्या दशकात शहरातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू झाली. अख्ख्या लोकसंख्येचा हिशेब ठेवणारी देशातली ती पहिलीच. पुढच्या काही दशकांत तिच्यात दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या : गर्भाशयमुखाचा कॅन्सर उतरत गेला, स्तनाचा चढत गेला. पहिली रेषा उतरली तेव्हा शहरात सार्वत्रिक तपासणी नव्हती. लांबलेली लग्ने, कमी झालेली बाळंतपणे, सुधारलेली स्वच्छता यांना त्याचे श्रेय दिले जाते. म्हणजे मुंबईपुरते तरी ‘तपासणी आली आणि कॅन्सर कमी झाला’ असे सरसकट म्हणता येत नाही.

तंबाखूची कथा वेगळ्या लेखाची आहे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. राज्याने गुटख्यावर पहिल्यांदा बंदी घातली ती २००२ मध्ये. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण ज्या कायद्याखाली ती आणली त्यात राज्याला तसा अधिकारच नव्हता. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने ती परत आली. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे निघाले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे, चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के; काही जण दोन्हींत मोडतात. सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्राने आपल्याकडे फार फरक का पडत नाही, याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता मूळ विषय. १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांचे २० समूह निवडून त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांची नोंद करण्यात आली. दहा समूहांत तपासणी करायची आणि दहांत करायची नाही, असा आराखडा होता. तपासणीच्या बाजूला ७५,३६० बायका होत्या, दुसऱ्या बाजूला ७६,१७८. पॅप स्मिअरसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून काचपट्टीवर तपासण्यासाठी, ती काचपट्टी वाचणारे तज्ज्ञ लागतात, प्रयोगशाळा लागते, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाई पुन्हा सापडायला लागते. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या वस्तीत ही शेवटची अट सर्वांत अवघड. म्हणून व्हीआयए ही पद्धत निवडली गेली. व्हिनेगरसारख्या सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर किमान दहावी झालेल्या आणि सुमारे महिनाभर प्रशिक्षण घेतलेल्या सेविका होत्या. त्याच भेटीत त्या स्तनांचीही हाताने तपासणी करत. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या ठरल्या.

मराठीतली एक अडचण इथे आडवी येते. आजार शोधायला केलेली ती तपासणी, आणि काहीच होत नसलेल्या माणसाची केलेली तीही तपासणीच. ‘तपासणीला चला’ म्हटले की ‘मला काय झालंय?’ असा प्रश्न येतो आणि तो रास्तच असतो. त्यात गर्भाशय आणि गर्भाशयमुख हे दोन्ही बोलताना ‘पिशवी’च होतात, त्यामुळे डाग दिसला म्हणताच पुढचे वाक्य ‘पिशवी काढावी लागेल का?’ हे असते. तरीही या प्रयोगात दहापैकी जवळजवळ नऊ बायका तपासणीला आल्या. वस्तीत काम केलेल्या कोणालाही हा आकडा सोपा वाटणार नाही.

२०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, पुढच्या वर्षी शोधनिबंध आला. तपासलेल्या बाजूला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. देशभर ही पद्धत राबवली तर वर्षाला सुमारे २२ हजार मृत्यू टळतील, असा अंदाजही तेव्हा मांडला गेला. जगभर मथळे झाले. व्हिनेगर, गरीब वस्ती, स्वस्त उपाय : बातमीला आणखी काय हवे?

वाद पेटला तो दुसऱ्या बाजूच्या ७६ हजारांवरून. या बायकांना सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती दिली गेली, लक्षणे सांगितली गेली, त्रास झाल्यास कुठे जायचे तेही सांगितले गेले. तपासणी मात्र दिली गेली नाही. त्यांच्यापैकी कोणाला कॅन्सर होतो आणि कोण दगावते, एवढे वर्षानुवर्षे नोंदवले गेले. तामिळनाडू आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातही असेच प्रयोग झाले होते. तिन्ही ठिकाणच्या न तपासलेल्या सुमारे १ लाख ३८ हजार बायकांत किमान २५४ जणी याच कॅन्सरने गेल्या, असा हिशेब टीकाकारांनी मांडला. पॅप स्मिअरने मृत्यू घटतात हे पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके दिसत असताना ‘काहीच नाही’शी तुलना कशाला, हा त्यांचा सवाल होता. मुंबईच्या प्रयोगाला अमेरिकी सरकारचा निधी होता आणि तिथे असा कंट्रोल गट, म्हणजे तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेला गट, कोणी चालवून घेतला नसता, हेही त्यांनी सुनावले. तिथल्या देखरेख यंत्रणेने संमती घेताना दिलेल्या माहितीच्या अपुरेपणावर बोट ठेवले.

प्रयोग करणाऱ्यांची बाजू कच्ची नव्हती. या वस्त्यांत तपासणी नावाची गोष्ट मुळात नव्हतीच, त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही. पॅप चालते हे ठाऊक होते, पण दहावी झालेल्या सेविकेने डोळ्यांनी पाहून जीव वाचतात का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुराव्याविना सरकार पैसे घालत नाही. आणि निष्कर्ष आल्यावर न तपासलेल्या बाजूलाही तपासणी देण्याचे ठरले होते.

हा युक्तिवाद १९९८ पुरता मला पटतो. पण २००७ मध्ये तामिळनाडूचा निकाल आला. तिथे व्हीआयएच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. २००९ मध्ये धाराशिवचा निकाल आला. तिथे एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले आणि व्हीआयएचा फरक मात्र खात्रीने सांगण्याइतका निघाला नाही. निकाल एकसारखे नव्हते म्हणून मुंबईचा प्रयोग पुढे चालवणे गरजेचे होते, असे म्हणता येते. काहीतरी चालते हे आता दिसले होते, म्हणून थांबायला हवे होते, असेही म्हणता येते. कोणत्या वर्षी माहिती पुरेशी होते, हे ठरवणाऱ्यांत वस्तीतली एखादी बाई असती तर उत्तर कदाचित वेगळे आले असते.

या गदारोळात ३१ टक्क्यांच्या पोटातली गोष्ट मागे पडली. व्हीआयएने डाग वेळीच सापडून कॅन्सर होण्याआधीच रोखला जाईल, अशी अपेक्षा होती. पण कॅन्सर होण्याचे प्रमाण दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच निघाले : वर्षाला लाखामागे तपासलेल्या बाजूला २६.७ आणि दुसऱ्या बाजूला २७.५. फरक पडला तो मृत्यूंत : ११.१ विरुद्ध १६.२. निदान झालेल्यांपैकी उपचार पूर्ण करणाऱ्या बायका तपासलेल्या बाजूला ८६ टक्के, दुसऱ्या बाजूला ७२. म्हणजे बोळ्याइतकाच फरक दर दोन वर्षांनी दार वाजवणाऱ्या ओळखीच्या सेविकेने पाडला असणे शक्य आहे. शिवाय तपासलेल्या बाजूला माहितीही चारदा मिळाली, दुसरीकडे एकदाच. त्यामुळे एरवी ‘तपासणी विरुद्ध काहीच नाही’ म्हणून सांगितला जाणारा हा प्रयोग खरे तर ‘पाठपुरावा विरुद्ध एक व्याख्यान’ असाही वाचता येतो. शिबिरे भरवून पत्रके वाटणाऱ्यांनी तो एकदा तसा वाचावा.

स्तनाच्या तपासणीचा निकाल यायला २०२१ उजाडले. हाताने केलेल्या तपासणीमुळे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडत होते. सर्व वयांत मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मात्र घट ३० टक्क्यांच्या जवळ होती आणि ती टिकली. मॅमोग्राफीची यंत्रे गावोगाव नेणे शक्य नसलेल्या देशासाठी ही लहान बातमी नव्हती, तरी व्हिनेगरसारखा गाजावाजा तिच्या वाट्याला आला नाही.

दरम्यान २०१६ मध्ये केंद्राने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींसाठी ३० ते ६५ वयोगटाची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याचा आराखडा काढला. गर्भाशयमुखासाठी व्हीआयए, स्तनासाठी हाताने तपासणी. मुंबईचे दोन वर्षांचे अंतर इथे पाच झाले, आणि फक्त याच कामासाठी नेमलेल्या सेविकांच्या जागी आधीच लसीकरण, बाळंतपणे आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या आशा आल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशात १.९ टक्के निघाल्या, स्तनांची ०.९ टक्के.

२०२१ मध्ये जागतिक पातळीवरच्या शिफारशीत एचपीव्ही चाचणी पहिल्या पसंतीची ठरली. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, तो तपासायला मात्र प्रयोगशाळा लागते. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात बनलेली एचपीव्ही लसही आली. पण लशीचा मुख्य लाभ शाळकरी मुलींना. मुंबईच्या त्या वस्त्यांत १९९८ साली पस्तिशीत नोंद झालेल्या बायका आज साठी ओलांडून गेल्या आहेत, आणि सरकारी आराखड्याची वयोमर्यादा ६५ आहे.