संग्रहालयातील सुगम्यता

संग्रहालयातील सुगम्यता : दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांत मर्यादा असलेल्या व्यक्तीला संग्रहालयात शिरता यावे, वस्तूजवळ जाता यावे आणि ती वस्तू कळावी, यासाठी केलेली रचना व दिलेल्या सेवा. रॅम्प, चाकाची खुर्ची, ब्रेल पाट्या, स्पर्शप्रतिकृती, ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील चित्रफिती हे तिचे परिचित प्रकार. शासकीय मराठीत ‘सुगम्य’ हा शब्द ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानानंतर विशेष रुळला. ‘सुलभता’ हा पर्याय बोलण्यात अधिक सहज आहे. परंतु ‘सुलभ’ म्हटले की बसस्थानकाशेजारची निराळीच इमारत आठवते, म्हणून या नोंदीत ‘सुगम्यता’ हाच शब्द योजला आहे.

उगम : या सेवांचा आरंभ कोठे झाला, याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील संडरलंड येथील संग्रहालयात जे. ए. चार्लटन डीझ यांनी १९०६ च्या सुमारास अंध मुलांना वस्तू हाताळू दिल्या, पुढे प्रौढांसाठीही तशी सोय केली आणि १९१३ मध्ये त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. संग्रहालयशास्त्राच्या बऱ्याच इतिहासांत हाच आरंभबिंदू धरला जातो. दुसरा पक्ष याहून मागे जातो. अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेंढा भरलेले प्राणी, प्रतिकृती आणि नमुने यांचा स्पर्शसंग्रह होता. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथील अंधशाळेतही १८९० च्या आसपास असा संग्रह उभा राहिला. मात्र ही शाळेची शिक्षणसाधने होती. सर्वांसाठी खुल्या असलेल्या संग्रहालयाने आपल्या मांडणीत केलेला बदल, असे त्यांना म्हणता येत नाही. या अर्थाने संडरलंडचा दावा टिकतो.

तिसरे मत मूळ प्रश्नच उलटा करते. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांसाठी उघडले, तेव्हा वस्तू हातात घेऊन पाहणे ही सर्वसाधारण रीत होती. १७१० मध्ये तेथे आलेल्या उफेनबाख या जर्मन प्रवाशाने सामान्य लोक प्रत्येक वस्तूला अधाशासारखे हात लावतात, अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे. ‘हात लावू नये’ ही पाटी सार्वत्रिक झाली ती साधारणपणे एकोणिसाव्या शतकात, गर्दी आणि काचपेट्या दोन्ही वाढल्यावर. तेव्हा स्पर्शदालन हा मागाहून घातलेल्या बंदीला काढलेला अपवाद ठरतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांना ते पटवून द्यावे लागणार नाही : खंडेनवमीला तलवार फडताळातून काढून पुसायची, हळदकुंकू लावायचे, मुलांच्या हातात क्षणभर द्यायची, हा रिवाज आजही आहे. तीच तलवार संग्रहालयाला दिली की घरच्यांनाही काचेबाहेरूनच पाहावी लागते.

कायदा : संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारातील (२००६) कलम ३० मध्ये संग्रहालयांचा नावाने उल्लेख आहे, भारताने हा करार २००७ मध्ये मान्य केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून कलम २९ सांस्कृतिक जीवनासंबंधी आहे. दिव्यांगांच्या इतिहासाचे संग्रहालय उभारण्याची तरतूदही त्यातच आहे. तिची चर्चा फारशी होत नाही. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करावीत, असा निर्णय दिला. भारतातील प्रत्यक्ष नमुना म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘अनुभव’ या स्पर्शदालनाचा (२०१५, २२ प्रतिकृती) दाखला दिला जातो.

ब्रेल पाट्या : भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल ही एकच लिपी स्वीकारली गेली, त्याआधी देशात अनेक पद्धती चालू होत्या. ती उच्चारानुसारी आहे. मोडीतील आज्ञापत्र आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर ब्रेलमध्ये उतरवले, तर ठिपके तेच येतात. मोडीचे वळण, लेखणी न उचलता लिहिण्याची धाटणी, हे त्यातून पोहोचत नाही. मोडी दप्तर जपणाऱ्या संग्रहालयाने त्यासाठी दोनचार ओळी उठावात कोरून वेगळ्या द्याव्यात, हे उत्तम.

जोडाक्षरांचा हिशेब निराळा पडतो. भारती ब्रेलमध्ये हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते आणि त्याला स्वतंत्र घर (सहा ठिपक्यांची एक जागा) लागते. त्यामुळे ‘वाघनख’ पाच घरांत मावते, पण ‘शस्त्र’ या दिसायला आखूड शब्दाला सहा घरे लागतात. एका घरापासून पुढच्या घरापर्यंत सुमारे ६ मिमी अंतर असते. छापील पाटीवरचा सगळा मजकूर ब्रेलमध्ये घ्यायचा म्हटले, तर पाटी वस्तूहून मोठी होते. म्हणून नाव, काळ, धातू आणि एक वाक्य एवढेच ब्रेलमध्ये द्यावे व उरलेले ध्वनिवर्णनात सांगावे. उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, हेही ध्वनिवर्णनाला महत्त्व देण्याचे कारण आहे.

पाटी भिंतीवर उभी लावल्यास मनगट मागे वळते आणि वाचणारा चार ओळींत दमतो; कमरेच्या उंचीवर, आपल्याकडे किंचित कललेली पाटी सोयीची. तिच्यावर त्याच मजकुराची ठळक देवनागरीही असावी. ती मंददृष्टी प्रेक्षकाला उपयोगी पडते, आणि शिवाय पाटी उलटी बसत नाही. नुसत्या ब्रेलची पाटी स्क्रू मारणाऱ्याने उलटी लावली, तर डोळस कर्मचाऱ्यांना ते वर्षानुवर्षे कळणार नाही.

सातारा : बसस्थानकाजवळील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे ठेवण्यात आली होती, नंतर ती नागपूरला नेण्यात आली. त्यांच्या पेटीवरील लेखात साताऱ्याचे रेसिडेंट (ब्रिटिशांचे दरबारातील प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ यांचे नाव आहे. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, हे सिद्ध झालेले नाही, अशी भूमिका खुद्द लंडनच्या संग्रहालयाने घेतली आहे. तो वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचा. येथे मुद्दा एवढाच की हे शस्त्र डोळ्यांपेक्षा हाताला अधिक कळते. आडव्या पोलादी पट्टीला चार वाकडी नखे आणि दोन टोकांना दोन कड्या. कड्या बोटांत घातल्या की नखे तळव्याच्या बाजूला येतात, मूठ मिटली की ती आत दडतात आणि बाहेरून दिसतात त्या दोन अंगठ्या. काचपेटीत सपाट मांडलेल्या वस्तूवरून डोळस माणसालाही हे उमगत नाही. बोथट टोकांची, मूळ वजनाची प्रतिकृती दिली तर अंध मुलाला ते अर्ध्या मिनिटात समजते, आणि मग डोळस मुलेही रांग लावतात.

औंध : खटाव तालुक्यातील श्री भवानी संग्रहालय औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारले. इमारत संग्रहालयासाठीच बांधलेली असून चित्रांवर वरून नैसर्गिक प्रकाश पडेल अशी योजना तीत आहे. डोळे दिपवणारी तिरीप आणि काचेवरची चमक टळत असल्याने मंददृष्टी प्रेक्षकाला ही जुनी रचना आजच्या दिव्यांपेक्षा मानवते. अडचण जागेची आहे. संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. रॅम्पचा मान्य उतार १ : १२, म्हणजे ३० सेंमी चढायला ३.६ मी. लांबी लागते, या प्रमाणाने डोंगर चढवणे अशक्यच. वाहन दारापर्यंत आणणे आणि दारापासून आत एकही पायरी न ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग. संग्रहातील हेन्री मूर यांचे माता व बालक हे दगडी शिल्प स्पर्शदर्शनाला सर्वांत अनुकूल वाटते. अर्थात घाम व अंगठ्या यांपासून दगडाला जपण्यासाठी हात धुऊन, दागिने उतरवून आणि सोबतीला जाणकार असतानाच हात लावू द्यावा. प्लास्टर मात्र सच्छिद्र असल्याने हाताचा तेलकटपणा शोषून काळे पडते. स्पर्शप्रतिकृतीसाठी ते टाळावे, फायबर किंवा लाकूड चालते.

सांगली : राजवाडा परिसरातील संग्रहालयात चित्रे आहेत. चित्राला स्पर्शाचा उपयोग नसतो; तेथे शब्दवर्णन लागते. त्याचा क्रम ठरलेला : आधी आकार व माध्यम, मग डावीकडून उजवीकडे काय दिसते, अर्थ शेवटी. मिरजेच्या तंतुवाद्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथील सितार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कच्चा भोपळा, कोरलेली तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी), दांडी, घोडी (तारांचा आधार) असे टप्पे हाताने चाचपता येतात, आणि जवारी (घोडीचा माथा घासून तारेला आणलेला गुंजारव) लागण्याआधीची व नंतरची तार एकापाठोपाठ छेडली की फरक कानाला कळतो. कर्णबधिर प्रेक्षकाला तारेचा कंप भोपळ्यावर तळवा टेकून जाणवतो.