बूट कोडचं डीबगिंग (हौशी कर्नल)

हौसेनं लिहिलेल्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मशीन चालू झाल्यापासून स्वतःचा इंटरप्ट टेबल (आयडीटी, कोणता इंटरप्ट किंवा एक्सेप्शन आलं की कुठला कोड चालवायचा याची यादी) लागेपर्यंत जो कोड चालतो, त्यातल्या चुका शोधायचं काम म्हणजे बूट कोडचं डीबगिंग. कोड तसा थोडकाच, जरा असेंब्ली आणि चिमूटभर सी, पण प्रिंटएफ (स्क्रीनवर मजकूर छापणारं सी फंक्शन) नाही, लॉग नाही, एरर सांगायला कोणी नाही, त्यामुळे चूक काहीही असो दिसतं एकच, एकतर स्क्रीन काळी नाहीतर मशीन परत पहिल्यापासून चालू. इथे ३२ बिट एक्स८६ पीसीचंच बघू, बरेच जण तिथूनच सुरुवात करतात.

बायॉस (मशीनमधलं सुरुवातीचं फर्मवेअर) डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर ७सी०० या हेक्स पत्त्यावर ठेवून तिथे उडी मारतं. पुढे १६ बिट रिअल मोडमधून (सीपीयू सुरू होतो तो जुना मोड) जीडीटी (मेमरी सेगमेंटचा टेबल) लोड करायचा, सीआर० या कंट्रोल रजिस्टरमधला पहिला बिट लावायचा आणि फार जंप (सेगमेंट बदलणारी लांबची उडी) मारून ३२ बिटमध्ये यायचं. ग्रब हा तयार बूटलोडर वापरला तर हे सगळे कष्ट वाचतात, फक्त मल्टिबूटचा हेडर (ग्रबला कर्नल ओळखता यावा म्हणून असलेली खूण) फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटमध्ये यायला हवा, आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये घोळ झाला की नेमका तोच मागे ढकलला जातो.

मशीन आपोआप रीसेट होतं त्याचं कारण बहुतेक वेळा ट्रिपल फॉल्ट. एक्सेप्शन (सीपीयूला काही अडलं की तो देतो तो इशारा) आलं, ते हाताळायला आयडीटी नाही म्हणून डबल फॉल्ट, तोही हाताळता येईना म्हणून सीपीयू हात टेकतो. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये (सॉफ्टवेअरमधलं खोटं मशीन) इंटरप्ट आणि सीपीयू रीसेटची नोंद चालू करून रीबूट बंद ठेवलं तर ही साखळी जशीच्या तशी वाचता येते (केव्हीएम, म्हणजे कोड थेट खऱ्या सीपीयूवर चालवायची सोय, बंद ठेवा, नाहीतर नोंद निघत नाही). यात नवखे लोक हमखास शेवटची ओळ वाचत बसतात, खरं कारण साखळीतल्या पहिल्या एक्सेप्शनमध्ये असतं.

उदाहरणार्थ पेजिंग (पेज टेबल वापरून पत्ते बदलून देणं) चालू केल्या केल्या मशीन मेलं आणि पहिली नोंद एक्सेप्शन १४ ची, म्हणजे पेज फॉल्ट. आता सीआर२ बघायचा, फॉल्ट कुठल्या पत्त्यावर आला ते त्यात असतं. तो आणि ईआयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) सारखाच असेल तर सीपीयूला पुढची इन्स्ट्रक्शनच आणता आली नाही, कारण कर्नल अजून १ एमबीच्या आसपास जुन्या पत्त्यावर चालतोय आणि पेज टेबलमध्ये फक्त सी००००००० या हेक्स पत्त्याच्या वरचं मॅपिंग केलंय, खालचं आयडेंटिटी मॅपिंग (पत्ता आहे तसाच ठेवणारं) राहून गेलंय. दोन रजिस्टर बघून निदान झालं, कोड वाचत बसायची गरजच नाही.

नोंदीशिवाय काम करायचं तर टप्प्याटप्प्यावर एकेक अक्षर बाहेर फेकतात. टेक्स्ट मोड असेल तर बी८००० वर दोन बाइट लिहिले की स्क्रीनवर अक्षर उमटतं, सिरियल पोर्ट ३एफ८ वर असतो, आणि बॉक्स (Bochs, आणखी एक एम्युलेटर) किंवा क्यूएमूमध्ये तशी सोय चालू केली तर पोर्ट ई९ ला बाइट पाठवला की झालं, काही सेटअप लागत नाही. जीडीबी हा डीबगर क्यूएमूला टीसीपी पोर्ट १२३४ वर जोडता येतो आणि तो लागतोच, पण रिअल मोडमध्ये तो १६ बिट कोड ३२ बिट समजून भलतंच डिसअसेंबल करतो, तिथे बॉक्सचा डीबगर बरा.

एक फसवा प्रकार म्हणजे एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी इन्स्ट्रक्शन) केल्यावर लगेच येणारा एक्सेप्शन ८. डबल फॉल्ट वाटतो, पण पीआयसी (हार्डवेअरचे इंटरप्ट सीपीयूकडे पोचवणारी चिप) रीमॅप केला नसेल, म्हणजे त्याचे नंबर बदलले नसतील, तर तो साधा टायमर असतो, कारण बायॉस आयआरक्यू ० ला (टायमरची इंटरप्ट लाइन) ८ नंबरच देऊन ठेवतं. खरा डबल फॉल्ट स्टॅकवर एरर कोड टाकतो, टायमर टाकत नाही.

खऱ्या मशीनवर मात्र वेगळीच मजा. क्यूएमूची रॅम शून्यानं भरलेली असते, त्यामुळे स्वतःच्या बूटलोडरनं बीएसएस (सुरुवातीला शून्य असायला हवेत अशा ग्लोबल व्हेरिएबलची जागा) पुसला नसला तरी सगळं सुरळीत चालतं आणि पेनड्राइव्हवरून बूट केलं की ग्लोबल व्हेरिएबलमध्ये कचरा निघतो. लॅपटॉपला सिरियल पोर्ट बहुतेक नसतोच. नुसत्या यूईएफआयवाल्या (बायॉसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर टेक्स्ट मोडही नसतो, फ्रेमबफर (स्क्रीनवरच्या पिक्सेलची मेमरी) बूटलोडरकडून मागून घ्यावा लागतो आणि अक्षरांचा फॉन्टही स्वतःचा, म्हणून तिथे रंगीत पट्ट्या ओढलेल्या सोप्या पडतात, हिरवी दिसली म्हणजे जीडीटी झाला, निळी दिसली म्हणजे पेजिंग.