छत्तीसचा आकडा आणि हृदयाचे ठोके

एका प्रेमकादंबरीत वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन फिगर स्केटर, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या घेणारे खेळाडू. मुखपृष्ठावरूनच कळतं की शेवटच्या पानापर्यंत हे दोघं एकमेकांच्या मिठीत असणार. तरीही मध्यरात्र उलटली तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अशा वाचनाला नाकं मुरडणारे बरेच भेटतात. पण ही ओढ नेमकी कुठून येते, याचं उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगांत बरंचसं सापडतं.

शेवट आधी कळला की मजा गेली, हा समज आधी तपासू. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगून टाकला होता. त्यांना कथा कमी नव्हे, थोडी जास्तच आवडल्या. पुढच्या काही प्रयोगांत निकाल उलटेही आले, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. प्रेमकथेच्या वाचकाला मात्र हे नवीन वाटणार नाही. ‘काय होणार’ ही चिंता मिटली की सगळं लक्ष ‘कसं होणार’ याकडे लागतं.

मग वैरच कशाला हवं? दोन सालस माणसं पहिल्या भेटीत एकमेकांना आवडली, तर बिघडलं कुठे? इथे १९६५ सालचा इलियट अॅरन्सन आणि डार्विन लिंडर यांचा प्रयोग आठवतो. त्यात सात भेटी झाल्या आणि प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थिनींना एका व्यक्तीचं आपल्याबद्दलचं मत ‘चुकून’ ऐकू येई. काहींच्या वाट्याला सुरुवातीपासून कौतुक आलं. काहींच्या वाट्याला आधी टीका आणि मग हळूहळू कौतुक. मागाहून विचारलं, ती व्यक्ती कितपत आवडली? सर्वांत जास्त आवडली ती आधी नावं ठेवून नंतर मत बदलणारी. सतत स्तुती करणारीपेक्षाही जास्त. फुकट मिळालेल्या कौतुकापेक्षा कमावलेलं कौतुक मोलाचं वाटतं. ज्याने आपल्या प्रत्येक उडीत खोट काढली, त्याच्या तोंडून ‘आज छान झालं’ निघालं, तर त्याचं वजन निराळंच!

या प्रयोगातला एक बारकावा लेखकांनी ध्यानात ठेवावा असा आहे: मत एका झटक्यात बदललं नव्हतं, टप्प्याटप्प्याने बदललं होतं. पन्नासाव्या पानावर हिमवादळ आणून दोघांना एकाच खोलीत कोंडणाऱ्या कादंबऱ्या मला म्हणूनच फुसक्या वाटतात.

आता स्केटिंग. चौपट उडीत खेळाडू हवेत असतो जेमतेम पाऊण सेकंद, आणि तेवढ्यात चार फेऱ्या. हात छातीशी घट्ट ओढले की कोनीय संवेग, म्हणजे शरीरातला फिरण्याचा एकूण जोर, कायम राहून फिरण्याचा वेग वाढतो. मग हे सगळं ओझं काही मिलिमीटर जाडीच्या पात्यावर, एका पायावर उतरवायचं. जोडीच्या स्केटिंगमध्ये तर पुरुष जोडीदार स्त्रीला डोक्यावर उचलून धरतो, आणि हे चालू असताना दोघं बर्फावरून वेगाने सरकत असतात. कालच्या हाडवैऱ्याच्या हातावर शरीराचा तोल सोपवायचा म्हणजे विश्वासाचा प्रश्न थेट हाडामांसाचा होतो. त्यानंतर गुणांची वाट पाहत बसायची जागा. तिला स्केटिंगच्या जगात ‘किस अँड क्राय’च म्हणतात. तिथे शरीर थांबलेलं असतं, छाती मात्र धडधडतच असते.

या उरलेल्या धडधडीवर डॉल्फ झिलमन यांनी सिद्धान्त मांडला. शरीराची उत्तेजना ओसरायला वेळ लागतो, मन मात्र क्षणात दुसऱ्या विषयाकडे वळतं. मग आधीची शिल्लक उत्तेजना नव्या भावनेच्या खात्यावर जमा होते. याच धर्तीचा डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांचा १९७४ सालचा प्रयोग गाजला. कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना आपला फोन नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम, कमी उंचीच्या पुलावर १६ पैकी फक्त २. आकडे लहान आहेत आणि प्रयोगावर टीकाही झाली आहे, पण कादंबरीकार हेच तंत्र सर्रास वापरतात. अंतिम फेरीचं प्रकरण संपतं आणि लगेच पुढच्या पानावर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये दोघं समोरासमोर येतात. स्पर्धेच्या पानांनी वाचकाचा श्वास आधीच वर चढवलेला असतो.

मात्र ही धडधड प्रेमच जन्माला घालते असं नाही. १९८१ साली ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना जागच्या जागी धावायला लावून मग एका तरुणीची चित्रफीत दाखवली. ती आकर्षक दिसत होती, तेव्हा दमलेल्यांना ती अधिकच आवडली. तिलाच अनाकर्षक रूप दिलं, तेव्हा ती त्यांना अधिकच नावडली. म्हणजे उत्तेजना दिशा ठरवत नाही, जी दिशा असेल तिचा जोर वाढवते. ज्या बर्फावर पहिल्या शंभर पानांत खुन्नस पेटते, त्याच बर्फावर पुढे ओढही वाढते, ती याचमुळे. दिशा बदलण्याचं काम लेखकालाच करावं लागतं: पडल्यावर पुढे आलेला एक हात, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या दुखऱ्या घोट्याची कुणाकडे न केलेली वाच्यता.