पोती मोजणारं यंत्र देण्याआधी आम्ही चार दिवस जास्त का मागतो

ग्राहकांसाठी माहितीपत्रक
हिंगणा एमआयडीसी, नागपूर

"प्रोग्राम तयार आहे, बोर्ड तयार आहे, मग चार दिवस कशाला?" हा प्रश्न आम्हाला दर ऑर्डरला ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. तुरीच्या सीझनमध्ये डाळ मिलवाल्याला चार दिवस म्हणजे थोडे नाहीत. ते चार दिवस जातात कर्नलमधली डेटा रेस नावाची चूक शोधण्यात. कर्नल म्हणजे यंत्रातल्या छोट्या संगणकाचा, म्हणजे बोर्डाचा, मूळ प्रोग्राम, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं.

काही वर्षांपूर्वी कळमन्याकडच्या एका मिलमध्ये आमचं यंत्र दोन पट्ट्यांवरची पोती मोजत होतं. आकडा रोज पाच-सात पोत्यांनी कमी यायचा. हमाली पोत्यामागे असल्यामुळे ती पोती सरळ हमालांच्या मजुरीतून जायची. मुकादम भिंतीवर खडूने रेघा ओढायचा, चार उभ्या, पाचवी आडवी. त्याचा हिशेब जास्त, यंत्राचा कमी. मालकांनी यंत्राचं खरं मानलं आणि आम्हीही त्यांना तेच सांगितलं. "भाऊ, माह्या रेघा मी तीनदा मोजल्या," एवढंच तो म्हणत राहिला. आम्ही सेन्सर बदलले, वायरिंग नवं केलं, फरक तसाच. शेवटी चूक आमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सरकडून खूण घेणाऱ्या कर्नलमधल्या प्रोग्राममध्ये, सापडली. हमालांची राहिलेली मजुरी आम्ही भरून दिली.

झालं होतं ते असं. प्रत्येक पट्ट्याला वेगळा सेन्सर, पण एकूण पोत्यांचा आकडा दोघांना मिळून एकच. पोतं आलं की ड्रायव्हर आकडा वाचायचा, एक मिळवून डिस्प्लेकडे पाठवायचा आणि मग परत मेमरीत लिहायचा. प्रोसेसरचे दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दोन भाग, हे काम एकाच वेळी करू शकतात. पहिल्या कोअरने ४११७ वाचले. तो डिस्प्लेत गुंतलेला असताना दुसऱ्याने तेच ४११७ वाचले. दोघांनीही ४११८ लिहिले. पोती दोन गेली, आकडा एकने वाढला. दोन पोती त्या काही मिलीसेकंदांत एकदम आली तरच हे घडतं, म्हणून आमच्या टेबलावर एक-एक पोतं मोजताना कधीच दिसलं नाही.

दोन कोअर मेमरीतल्या एकाच जागेला एकदम हात घालतात, त्यातला निदान एक तिथे लिहितो आणि मध्ये कुलूप किंवा दुसरा कसला ताळमेळ नसतो, याला डेटा रेस म्हणतात. साध्या प्रोग्राममध्ये ती झाली तर बहुधा तो प्रोग्रामच बिघडतो. कर्नलमध्ये झाली तर त्यावर चालणारं काहीही बिघडू शकतं, आणि बोर्ड बंद न पडता शांतपणे खोटा आकडा देत राहतो. आमच्या मते बंद पडणारं यंत्र त्यापेक्षा बरं. निदान कळतं तरी.

ती शोधायला आम्ही केसीसॅन (KCSAN) वापरतो. हे लिनक्स कर्नलमधलंच साधन आहे, २०२० साली ५.८ आवृत्तीत आलं. त्याची मूळ युक्ती मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये विंडोजच्या कर्नलसाठी मांडली होती. कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन, मेमरीच्या प्रत्येक साध्या वाचण्या-लिहिण्याजवळ एक तपासणी घालतो. साधारण दर चार हजारांमागे एका वेळी केसीसॅन मेमरीतल्या त्या जागेवर, म्हणजे पत्त्यावर, पहारा बसवतं आणि काम करणाऱ्या कोअरला मुद्दाम क्षणभर थांबवतं, नेहमीच्या कामात ८० मायक्रोसेकंदांपर्यंत. तेवढ्यात दुसरा कोअर त्याच पत्त्यावर आला तर दोघेही सापडतात. अहवालात दोन्हीकडच्या फंक्शनची (कोडच्या तुकड्यांची) नावं, पत्ता आणि कोअर छापून येतात. आमच्या अहवालात दोन्हीकडे एकाच फंक्शनचं नाव होतं. आम्ही ते वाचलं आणि त्याच संध्याकाळी मुकादमाला फोन केला.

पहारा अधूनमधूनच बसतो, म्हणून एकदा चालवून भागत नाही. पोत्यांऐवजी सिग्नल जनरेटर लावून दोन्ही तारांवर सेकंदाला हजारो पल्स सोडतो आणि तीन रात्री बोर्ड तसाच चालू ठेवतो. अहवाल आला नाही म्हणजे रेस नाहीच, असं आम्ही लिहून देत नाही. तुमच्याकडे जो बोर्ड येतो त्यात हे साधन बंद असतं, कारण त्याने कर्नल कित्येक पट मंद होतो. जुन्या ३२-बिट आर्म बोर्डांवर ते चालत नाही, त्यांचा ड्रायव्हर आम्ही ऑफिसच्या ६४-बिट संगणकावर तपासतो.

एक गोष्ट कुणाकडूनही काम करून घेताना जरूर विचारा. कोडमध्ये "ही रेस चालेल" अशी खूण घालून अहवाल गप्प करता येतो. कुठे कुठे ते योग्यही असतं, पण मोजणीच्या आकड्यावर कधीच नाही. तिथे वाचणं, मिळवणं आणि लिहिणं ही एकच न तुटणारी क्रिया असायला हवी, आणि आम्ही ती तशीच करतो.

ऑर्डर देताना तुमच्या पट्ट्यांचा सर्वांत जास्त वेग सांगा, चाचणी त्याच्या वरच्या वेगाने होईल. यंत्र लागल्यावर पहिला आठवडा खडूचा हिशेबही चालू ठेवा. फरक आला तर कुणाची मजुरी कापू नका आणि बोर्डही बंद करू नका. कर्नलची नोंद मेमरीत असते, वीज गेली की पुसली जाते. बोर्ड चालू ठेवूनच आम्हाला फोन करा, आमचा माणूस येऊन नोंद उतरवून घेईल.