रमने ऊब येते, हा समज सोडा

मनाली-लेह मार्गावर सप्टेंबरात एकट्याने सायकल न्यायची म्हटली की एक सल्ला हमखास मिळतो: रमची छोटी बाटली सोबत ठेव, रात्री ऊब मिळेल. हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे.

दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतलं गरम रक्त बाहेरच्या बाजूला येतं, म्हणून गाल आणि हात उबदार वाटतात. पण तीच उष्णता त्वचेतून हवेत निघून जाते आणि शरीराच्या आतलं तापमान उतरतं. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करणं. दारू तेही दाबते. दिवसभर पेडल मारून शरीरातला साखरेचा साठा संपत आलेला असतो, तेव्हा यकृताचं नवी साखर बनवण्याचं कामही ती अडवते. त्यात या मार्गावरचा सरचूचा मुक्काम जवळपास ४,३०० मीटर उंचीवर. तिथे झोपेत प्राणवायू आधीच कमी पडतो, दारूने श्वास आणखी मंदावतो. आणि आपली जीभ जड झालीय, पावलं अडखळतायत, हे सांगायला शेजारी कुणी नसतं. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

बाटलीऐवजी तेवढ्याच वजनाची शेंगदाण्याची चिक्की आणि सुके मोजे न्या. तंबूत शिरताच घामाचे कपडे बदला, झोपण्यापूर्वी पोटभर खा आणि गरम पाण्याची, घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा.