नाडी १५० वर, नेम ४५ मिलिमीटरवर

परवा बायॅथलॉनचा विषय निघाला तर एका मित्राने ठणकावून सांगितलं की ते लोक गोळी मारायच्या आधी हृदयाचे ठोके थांबवतात, आपल्या योग्यांसारखे. म्हटलं बाबा रे, ठोके थांबले तर माणूस आडवा होईल, नेम कसला धरतोय!

बायॅथलॉन म्हणजे बर्फावर स्कीवरून जीव तोडून पळायचं, मधेच थांबून ५० मीटरवरची पाच टार्गेटं पॉइंट टूटू रायफलने पाडायची आणि परत पळत सुटायचं. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत एक गोळी चुकली की १५० मीटरची पेनल्टी लूप (दंडाची जादा फेरी), म्हणजे वीस-पंचवीस सेकंद पाण्यात. यातला बादशहा नॉर्वेचा ओले एइनार ब्योर्नडालेन. १९९८ ला नागानोत पहिलं ऑलिम्पिक गोल्ड, २००२ ला सॉल्ट लेक सिटीत चार शर्यती, चारही गोल्ड. २०१४ ला सोचीत चाळिसावा वाढदिवस होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा १० किमी स्प्रिंट मारली, त्यात एक गोळी चुकलेली, लूप मारून आला आणि तरी एकही न चुकलेल्या ऑस्ट्रियाच्या लांडरटिंगरला १.३ सेकंदांनी मागे टाकलं. ऑलिम्पिकची एकूण ८ गोल्ड.

आता माझा आवडता भाग. झोपून मारायचं टार्गेट ४५ मिलिमीटरचं, लिंबाएवढं. मध्यापासून कडेपर्यंत साडेबावीस मिलिमीटर, अंतर ५० मीटर, म्हणजे कोन झाला ०.४५ मिलिरेडियन. डोळ्याजवळची आणि नळीच्या टोकाची साइट (नेम धरायची खूण) यात समजा ६५ सेंटीमीटर आहेत, तर टोक ०.३ मिलिमीटर हललं की गोळी कडेवर. कागदाच्या तीन पानांची जाडी! आणि हलवणारं काय काय आहे बघा. श्वासाने छाती फुगते तशी नळी वरखाली होते. झोपून मारताना रायफलचा पट्टा दंडाला अडकवलेला असतो, त्याच दंडातल्या धमनीचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलला बसतो (बीपी मोजताना कफ आवळल्यावर दंडात धकधक जाणवते ना, तेच). खोटं वाटत असेल तर तीन जिने पळत चढा आणि मोबाईलचा कॅमेरा फुल झूम करून समोरच्या बिल्डिंगची खिडकी धरून बघा.

"दोन ठोक्यांच्या मधे मारतात" हेही ऐकलं असेल. रेंजवर आल्यावर नाडी १७०-१८० वरून उतरते, पण पाच गोळ्या मिळून वेळ असतो अर्ध्या मिनिटाच्या आसपास, तेवढ्यात ती फार तर दीडशेच्या घरात येते. म्हणजे दोन ठोक्यांत ०.४ सेकंद, त्यात जाणवल्यापासून बोट हलेपर्यंतच ०.२ गेले. हेरून मारणं जवळपास अशक्यच. मग करतात काय? दोन-तीन श्वास, मग उच्छ्वासानंतर छाती आपोआप क्षणभर थांबते तिथे गोळी, परत श्वास, परत गोळी. श्वास जास्त वेळ रोखला तर ऑक्सिजनअभावी नजरच धूसर व्हायला लागते, एनसीसीत फायरिंग केलेल्यांना हे आठवत असेल. ठोके थांबत नाहीत, प्रत्येक ठोक्याला नळी तेवढीच आणि त्याच रेषेत हलावी इतकी बसण्याची सवय केलेली असते, हलण्याचा आकार टार्गेटच्या आत बसवायचा, बस. उभं राहून मारताना टार्गेट ११५ मिलिमीटरचं मिळतं कारण तिथे पट्टा दंडाला नसतो आणि थकलेले पाय लटपटतात.

आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ मिळवलं तेही ५० मीटरवरच, त्यात दहा गुणांचं मधलं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, पण तो कडक जॅकेट घालून, शांत नाडीने मारतो, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. दोन्ही अवघडच, पण अवघडपणा वेगळा.

यात "मनाची अद्भुत शक्ती" विकणाऱ्यांना काही मिळणार नाही. लहानपणापासून रोजचा सराव, घरी रिकाम्या रायफलने हजारो वेळा चाप ओढणं, आणि ब्योर्नडालेनच्या बाबतीत जंतूंची इतकी धास्ती की हॉटेलात स्वतःचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन जायचा, हस्तांदोलन टाळायचा. सर्दी झाली की शर्यती हुकतात, एवढं साधं गणित.

२०१८ च्या ऑलिम्पिकसाठी त्याची निवड झाली नाही, आणि त्याच एप्रिलमध्ये ४४ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. कारण सांगितलं, हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागलेत.